वर्षाचा सप्लाय उशिरा येतो

बापूचा शर्ट अर्धाच घासून झाला होता. दवाखान्यातून आलेले ते फवारणीचे कपडे घरच्या धुण्यात मिसळायचे नाहीत, असं सिस्टरनं बजावलं होतं. म्हणून त्यांची बादली वेगळी, जागाही वेगळी, मागल्या दारी कडुलिंबाखाली. कितीदा धुतलं तरी त्या शर्टाचा वास जात नव्हता. वर्षा पुन्हा कॉलर घासायला घेते तोच घरात पंखा गरगरला. साबणाचे हात ओढणीला पुसत ती आत पळाली.

तिच्या लॅपटॉपची बॅटरी केव्हाच गेली होती. तार भिंतीत असेल अन् भिंतीत लाइट असेल तेवढाच त्याचा जीव.

वर्षा ही बोरी अरबकडच्या तांड्यावरच्या हिरासिंग आणि धुरपताबाईची मुलगी; ती त्यांना बापू आणि याडी म्हणायची. बारावी दारव्ह्याला केली, मग यवतमाळला इंजिनिअरिंग. आता शेवटचं वर्ष. पोरगी काय शिकते असं कुणी विचारलं की धुरपताबाई सांगायची, "मोबाईलच्या पोटातलं शिकते." ते काही खोटं नव्हतं. वर्षा चिपमधलं सर्किट आखायची.

यंदा कापसाची पऱ्हाटी माणसाच्या डोक्यावर गेली होती. फवारा मारला की औषध पानावर कमी अन् तोंडावर जास्त यायचं. हिरासिंग शेताच्या धुऱ्यावरच कोसळला. पुढचे दिवस वर्षानं कॉलेजात नाही, यवतमाळच्याच दवाखान्याच्या वॉर्डात काढले. तिचं प्रोजेक्ट होतं मोजणी करणाऱ्या सर्किटचं. बापूच्या सलाईनचे थेंब पाहता पाहता तिला वाटलं, मोजायचं तर हेच मोजू. बापूला घरी आणल्यावर कॉलेजातल्या सरांनी एक शेवटची तारीख दिली. ती तारीख उद्याची होती. उद्या सर्किट चाललं नाही तर वर्ष गेलं, आणि यंदाच्या कापसाकडे पाहून दुसरं वर्ष मागायची तिची हिंमत नव्हती.

आणि सर्किट चालत नव्हतं. चिप काही हातात नसते. सगळं सॉफ्टवेअरमध्ये आखायचं, मग त्याला कुठून काय द्यायचं तेही आपणच सांगायचं. सप्लाय, म्हणजे वीज, केव्हा सुरू होणार, थेंबाचा ठोका केव्हा पडणार, रीसेट केव्हा द्यायचा. रीसेट म्हणजे 'पाटी पुसा, शून्यापासून मोजा' असा एक इशारा. वर्षानं दिला होता. तरी मोजणी शून्यापासून निघेचना, मधूनच कुठूनतरी उचल खायची. तिनं सगळी आखणी पुन्हा पुन्हा तपासली. चूक सापडेना. सेवाभायाच्या फोटोकडे पाहून तिनं हात जोडले अन् पुन्हा सुरुवातीपासून बघायला घेतलं.

तेवढ्यात धुरपताबाई रिकामी घागर घेऊन दारात आली.

"टाकीत थेंब नाही. मोटर कोनी चालू केली नाही का वं?"

"मी केली ना, कवाचीच," हिरासिंग बाहेरच्या खाटेवरून म्हणाला.

"मंग पानी कुठं गेलं? तुमच्या खिशात?"

"बटन दाबलं म्हनतो ना मी!"

"कवा दाबलं?"

"शेजारचा रामलाल बसून गेला, तवा."

"घ्या! अन् लाइट आली आत्ता. गाय घरी याच्या आंधीच वासरू पाजून मोकळे झाले तुमी!"

वर्षाला हसू आलं, आणि हसता हसता तिचा हात थांबला. तिनं वेळा पाहिल्या. रीसेट तिनं लॅबमधल्या नमुन्यावरून जसाच्या तसा घेतला होता, अगदी सुरुवातीला. नमुन्यात सप्लायही सुरुवातीपासूनच होता. पण सप्लाय वर्षानं स्वतःच्या मनानं लावला होता, थोडा थांबून येणारा. लाइट लगेच असते हे तिच्या हाताला ठाऊकच नव्हतं. सप्लाय यायच्या आधीच रीसेट येऊन गेला होता. मेलेल्या तारेवर बटन.

तिनं रीसेट सप्लायच्या नंतर सरकवला. सप्लाय मात्र उशिराच ठेवला. सरांनी विचारलं तर सांगू, आमच्याकडे असाच येते. सर्किट चाललं. शून्य. एक. दोन.

"याडी, झालं!" असं ती ओरडणार होती. पण बाहेर धुरपताबाईचा आवाज उतरला होता.

"पन तुमीच सांगता ना, मोटरच्या पेटीवरचा लाल दिवा लागल्याबिगर बटन दाबू नोका. मंग?"

हिरासिंग हळूच म्हणाला, "लागला हाये असंच वाटलं मले."

वर्षा उठून दारात आली. दवाखान्यातून सोडताना डॉक्टर म्हणाले होते, नजर साफ झाली नाही तर लगेच परत आणा. बापू रोज सांगत होता, साफ हाये. पोरीनं खाट सोडून पुस्तक धरावं म्हणून सांगत होता, हे तिला आता कळलं.

"बापू, काहून नाही सांगितलं?"

"तुये पेपर होते ना."

"पेपर नाही, प्रोजेक्ट."

"तेच ते. झालं का तुयं?"

"झालं."

"मंग झालं तं." तो तिच्याकडे पाहून हसला. तिच्याकडे म्हणजे, ती उभी होती त्याच्या जरा बाजूला.

धुरपताबाईनं घागर खाली ठेवली, पदर तोंडाला लावला. वर्षा आत गेली, केलेलं सगळं सेव्ह केलं, पुन्हा उघडून बघितलं. पंखा थांबला. लाइट गेली.

बादलीतला शर्ट तसाच राहिला. तिनं चपला घातल्या.

"आता कुठं चालली?" धुरपताबाईनं विचारलं.

"धनसिंगकाकाकडे. उद्या सकाळच्या त्याच्या ऑटोत यवतमाळच्या दोन जागा सांगून येतो."