मोगऱ्याची हजामत

सलूनवाल्यांचा हात थरथरतो, हे सगळ्यांना कळलं होतं. मान्य नव्हतं ते फक्त त्यांना. एका जुन्या गिऱ्हाइकाच्या कानाला कात्री लागली आणि मुलाने दुकान स्वतःकडे घेऊन वडिलांना गोडीगुलाबीने घरी बसवलं. "बाबा, आता आराम करा." आराम म्हटलं की त्यांच्या अंगाचा तिळपापड व्हायचा.

मागच्या दारी बायकोचा मोगरा होता. तिने त्याचे भारी लाड केले होते: दोन्ही वेळा पाणी, वर खत. झाड नुसतं माजलं होतं, पण फूल औषधालाही नाही. सलूनवाले रोज त्याच्यासमोर स्टूल टाकून बसत. एवढं वाढलेलं डोकं समोर आणि आपण हात बांधून, हे काही त्यांना सहन होईना.

"उन्हाळ्याआधी छाटायला हवा," ते म्हणाले. "कळ्या नव्या फुटीवर येतात."

"छाटू की. मुलाला बोलावते."

"का? मी काय मेलोय?"

"तसं नाही हो, पण तुमचा हात..." दुकान सुटलं त्याचं एवढं नव्हतं. हे मात्र त्यांना फार लागलं.

ती बहिणीकडे गेली तशी त्यांनी झाडांची कात्री काढली. सवयीने आधी पाण्याचा फवारा मारला, मागे सरून मान तिरकी केली आणि विचारलं, "किती ठेवू?" मोगरा काय बोलणार! त्यांनी निम्मा उतरवला, उरलेली पानंही खुडली.

परत आल्यावर तिने त्या काटक्यांकडे पाहिलं आणि अबोला धरला. सलूनवाल्यांचं धाबं दणाणलं. झाड वाळलं तर मुलगा खरा ठरणार होता. ते पाणीही बेताचंच घालत आणि सारखे वाकून काटक्यांवर नव्या फुटीचे डोळे दिसतात का बघत.

डोळे फुटले. फांद्या आल्या, ऊन तापलं आणि एका संध्याकाळी मागचं दार उघडताच वासाने घर भरून गेलं. बायकोने ओंजळभर फुलं वेचली, आत नेऊन ठेवली आणि बाहेर येऊन खांद्यावर टॉवेल टाकून त्यांच्या स्टुलावर बसली.

सलूनवाले आतून केसांची कात्री घेऊन आले. हात थरथरत होताच.

"किती ठेवू?"

"कान दोन्ही ठेवा," ती म्हणाली. "बाकी तुमच्या मर्जीने."