शेवटचा पडदा

मुलुंडला आमच्या वरच्या मजल्यावर राहणारे ते काका कामाला बसले की श्वास रोखून धरत आणि बोलायचं ते दोन श्वासांच्या मधे उरकत. काम म्हणजे जुने इलेक्ट्रोस्टॅटिक हेडफोन दुरुस्त करणं. त्यात कांद्याच्या पापुद्र्याहून पातळ प्लॅस्टिकचा पडदा असतो. तोच थरथरून गातो आणि आपल्या दमट हवेने मरतो. त्यांच्या स्वतःच्या हेडफोनचा डावा कान असाच गेला होता. परदेशातून आलेला एकच पडदा उरला होता आणि तो ते माझ्या हेडफोनच्या बंद पडलेल्या कानात चिकटवत होते.

"तुमच्याला लावा ना, काका."

"मला एका कानाची... सवय झालीय रे."

पडद्यावर धुळीचा कण दिसला. कॅसेटपासून चहापर्यंत सगळ्यावर फुंकर मारणारा मी. मदत म्हणून वाकलो आणि फुंकलो. गोंद ओला होता. पडदा निसटून चोळामोळा झाला.

शिव्या खायची माझी तयारी होती. काकांनी आपला हेडफोन उघडला आणि चालू असलेल्या उजव्या कानातला पडदा, तो ताणून धरणाऱ्या गोल कडीसकट, काढला.

"एकाचा तरी... पुरा होऊ दे."

मी दाराशी तोंडावर हात दाबून उभा होतो. तो हात काढून 'नको' म्हणायला मला चांगली दहा मिनिटं मिळाली होती.

"लाव. कसा वाटतो?"

"झकास," मी म्हणालो. आवाज खरोखरच सुंदर होता.