विभूतीचे पट्टे आणि पुलाचा जोड

दानेश्वरीला कुणी "ताई, जरा जमवून घ्या" म्हटलं की तिचं डोकं फिरतं. होटगीजवळच्या यार्डात पुलाचे गर्डर आधीच ओतून ठेवतात आणि मग जागेवर नेऊन एकमेकांना जोडतात. तो जोड टिकेल का, हे तपासणारी इंजिनीअर ती. मी तिच्या हाताखाली काम करते. दोन गर्डरांमधल्या फटीत पोलादी तारा मिसळलेलं भारी काँक्रीट भरायचं, मग अशा जोडाचा नमुना यंत्राखाली दाबायचा. मोडायचं तर गर्डरने मोडावं, जोडाने नाही, एवढा तिचा सरळ हिशोब.

पहिला नमुना नेमका जोडावरच उघडला. यार्डाचे प्रमुख सोमशेखर साहेब म्हणाले, "मिश्रण कच्चं आहे. पुन्हा असं झालं तर हा प्रकार बंद, जुनीच पद्धत."

दानेश्वरीनं सुटलेली बाजू उलटून पाहिली. तिच्यावर विभूतीचे तीन पट्टे होते आणि दिव्यातल्या तेलाचा डाग. पट्टे कुणाचे, हे विचारायची गरज नव्हती. यार्डातले मिस्त्री चनबसप्पा, म्हणजे तिचे वडील, पूजेशिवाय काँक्रीट ओतत नाहीत आणि पूजेत हात आखडता घेत नाहीत. दुसरी कुणी असती तर गप्प बसली असती. हिनं सगळ्यांदेखत सांगितलं, "मिश्रणात दोष नाही, साहेब. राखेवर, तेलावर काँक्रीट धरत नाही." मग वडिलांकडे वळली. "अप्पा, ह्ये तुमच्यामुळं झालंय."

त्यानंतर बाप-लेकीत अबोला. रोज अप्पांच्या गाडीवरून येणारी दानेश्वरी शुक्रवार पेठेतल्या घरून रिक्षानं यायला लागली. मला हसू यायचं आणि वाईटही वाटायचं.

पण दुसऱ्या नमुन्याला चनबसप्पा स्वतः तारेचा ब्रश घेऊन बसले. आतली खडी दिसेपर्यंत गर्डरची बाजू घासली, धुतली, ओली ठेवली. नारळ फाटकाशी फोडला.

चाचणीच्या सकाळी त्यांनी विभूतीची बोटं दानेश्वरीच्या कपाळावर ओढली. "जोडाला न्हाय लावली. तुला चालतंय न्हवं?"

"चालतंय की."

दाब चढत गेला आणि एकदम कडाडलं. आम्ही पुढे धावलो. गर्डरला चीर गेली होती. जोड जागच्या जागी होता. "हाच जोड पुलाला," साहेब म्हणाले.

चनबसप्पांनी जोडावरून हात फिरवला. "मगळे, पोरी, देवाचं काय बी न लावता धरलं की ह्यानं."

"तुमी घासलंय न्हवं, अप्पा. म्हणून धरलं."

संध्याकाळी ती त्यांच्याच गाडीवर मागे बसून घरी गेली.