दोन्ही डावेच

गेल्या महिन्यात मी ट्रंकेतून कोसा रेशमाच्या ब्लाउजचे दोन तुकडे काढले. तुमच्या आईच्या जन्माआधीपासून ते तिथे पडून आहेत. कशासाठी काढले, ते तुमच्यासाठी लिहून ठेवते.

वरच्या मजल्यावरच्या भाडेकरूंची मुलगी दहावीच्या गणितात राहिली. सोमवारी पूरक परीक्षा होती. तीतही राहिली तर वर्ष गेलं. तिची आई तिला घेऊन खाली आली.

“मावशी, तुम्ही शाळेत गणित शिकवलं न? हिले पाहा जरा. प्रतिबिंबाच्या गणितात दरवेळी चुकून राहिली पोट्टी.”

आलेखाच्या कागदावर मी (३, ४) हा बिंदू काढून दिला आणि x-अक्षातलं त्याचं प्रतिबिंब विचारलं. तिने लगेच (−३, ४) लिहिलं.

“x-एक्सिस है ना आजी, तो x का ही साइन बदलेगा.”

हे इतक्या खात्रीने, की तिची आईसुद्धा मान डोलावू लागली. मी नियम दोनदा सांगितला. तिसऱ्यांदा ती तशीच चुकली तेव्हा मी ट्रंक उघडली.

लग्नानंतर पहिल्याच वर्षी तो ब्लाउज मी स्वतः बेतला होता. छापील कापड, जेमतेम पुरेल एवढं. म्हणून घडी न घालता पसरलं आणि कागदाचा साचा दोनदा तसाच ठेवून कापलं. पुढचे दोन्ही भाग डावे निघाले. एक उलटा करून लावावा, तर छाप आत जाई. सासूबाई म्हणाल्या, “आता दोन्ही अंगं डावी असलेली बाई शोध, तिला बसेल.”

पोरगी खळखळून हसली. मी एका तुकड्यावर हुकाच्या जागी बोट ठेवलं. “उजव्या भागात हे कुठे हवं होतं?”

“उतनी ही हाइट पे. बस, उस साइड.”

“मग घडी कुठल्या रेषेवर घालायची होती?”

“खड़ी वाली. y.” ती थांबली. “और बदला x.”

मग तिने स्वतःच आलेखाचा कागद आडव्या रेषेवर दुमडला, बिंदूत टाचणी टोचली आणि उघडला. खालचं भोक (३, −४) वर होतं.

“अरे, एक्सिस के नाम वाला तो वही रहता है!”

काल निकाल लागला. पास झाली. मी तुकडे बोहारणीला द्यायला बाजूला ठेवले होते, तर तिची आई म्हणाली, “मावशी, राहू द्या न ते. लहानीची दहावी दोन वर्षांनी आहे.”

परत ट्रंकेत ठेवले.