सासूसमोर दिलेली साक्ष

नव्वदच्या दशकात कोल्हापुरातल्या आमच्या चर्चमध्ये उपासनेनंतर कुणीही उभं राहून साक्ष देई, म्हणजे देवानं आपल्यासाठी काय केलं ते सांगे. मी कायम खाली बघत बसे. ना मोठ्या आजारातून उठलो होतो, ना कुठलं व्यसन सुटलं होतं, सांगणार काय?

एका रविवारी नेसरीकडची एक बाई सासूला घेऊन आली. शहरात दवाखान्याच्या कामासाठी आलेली. पाळकांनी विचारताच पदर खोचून ती उभी राहिली.

"म्या दोन वर्सं रोज मागितलं, देवा, सासूचं त्वांड बंद कर. सासू हाय तशीच हाय. पर माजंच त्वांड कमी झालं की!"

"लई न्हाय झालं अजून!" सासू शेजारून म्हणाली.

सगळं चर्च हसलं. सगळ्यांत मोठ्यांदा तीच हसली आणि सासूचा हात धरून खाली बसली.

का कोण जाणे, मी उठलो. गायनमंडळातल्या भांडणावरून थोरल्या भावाशी मी वर्षभर बोललो नव्हतो, आणि तो पुढच्याच बाकावर होता. "दादाशी बोलायचंय, पण धीर होत नाही. प्रार्थना करा," एवढंच म्हणालो.

दादा मागं वळला. "बस खाली. आज जेवायला घरी ये."

बाहेर पडताना त्या बाईनं मला गाठलं. "पावणं, झ्याक साक्ष दिलीसा."

"अहो, अजून घडलंय कुठं काही?"

"मग जेवून या की," ती म्हणाली, "आन् फुडल्या रविवारी उरल्यालं सांगा."