गढीची माती, आमचं माळवद

आमचं गाव निजामाच्या राज्यात, पण अगदी कडेला. ओढा ओलांडला की सोलापूरकडचा मुलूख, तिथं निजामाचं काही चालत नव्हतं. सरहद्दीवरच्या गावाची राखण व्हावी म्हणून कुणीतरी कधीकाळी पांढऱ्या मातीची गढी बांधली. शत्रूनं तिचं काही वाकडं केल्याचं मी ऐकलं नाही. तिला खाल्लं ते आम्ही. त्या पांढऱ्या मातीतून पाणी झिरपत नाही, म्हणून गावातल्या प्रत्येक घराच्या छपरावर, माळवदावर, तीच माती. दर उन्हाळ्यात बायका टोपल्या घेऊन जायच्या. मागच्या भिंतीला बैलगाडी जाईल एवढं भगदाड पडलं होतं.

निजामाचं राज्य जायच्या सुमारास लुटारूंच्या टोळ्या हिंडू लागल्या. वेळ आली तर सगळ्यांनी गढीत शिरायचं असं गावानं ठरवलं, तेव्हा कुठं पाटलांना ते भगदाड दिसलं. त्यांनी दवंडी पिटवली, ज्यानं त्यानं माळवदावरची माती काढून गढीला परत द्यावी.

आमच्या घरात थोरली बहीण नुकतीच बाळंत झालेली. पावसाळा सरला नव्हता. आई शिडीनं माळवदावर चढली आणि हातात खुरपं घेऊन मधोमध बसली.

पाटील खालून म्हणाले, "अक्का, उतरा खाली. गढी राहिली तर गाव राहील."

"आन् माळवद गेलं तर बाळंतीण कुठं राहील? तुमच्या पटक्याखाली?"

"आवो, शत्रू यायलाय!"

"पाऊस त्याच्या आधी येतोय. त्यो दरसाल येतोय. तुमचा शत्रू आजून एकदा बी आला न्हाय."

लोक हसले. वडील मात्र गोठ्यात जाऊन बसले.

आई म्हणाली, "लई जाड माळवद कुणाचं हाय, ते गावाला ठावं हाय. तिथनं सुरू करा."

एवढ्या लोकांदेखत पाटलांना मागं फिरता येईना. त्यांच्या माळवदाची माती निघाली आणि तिनंच भगदाड बुजलं. पाटलांनी स्वतः उभं राहून ते चोपून घेतलं. पाटलीणबाईंनी त्यांच्याशी बोलणं टाकलं.

मग एका दुपारी ओढ्यापलीकडून मोटारींची घरघर ऐकू आली. सगळं गाव गठुडी घेऊन गढीच्या दरवाज्याशी धावलं. दरवाजा हलेना. वर्षानुवर्षं सगळे भगदाडातूनच ये-जा करत होते आणि पाटलांनी आतून दरवाज्याला टेकवून कडब्याची गंज रचली होती. गढी अशी पक्की झाली, की शत्रूच्या आधी आम्हीच बाहेर राहिलो.

मोटारी हिंदुस्थानच्या फौजेच्या निघाल्या. त्या सडकेनं सरळ पुढं गेल्या. गढीकडं कुणी ढुंकूनही बघितलं नाही.

संध्याकाळी पाऊस कोसळला. पाटलीणबाई लेकरं आणि वाकळा घेऊन आमच्याकडं आल्या. पाटील सगळ्यांत शेवटी, चिंब भिजून दाराबाहेर उभे.

"या पाटील," आई आतून म्हणाली. "आमचा दरवाजा ढकलला की उघडतो."

ते आले, कोपऱ्यात टेकले आणि वर बघत बसले. थेंब गळत नव्हता.

उघडीप पडली तशी त्यांनी बैलगाडी जुंपली आणि भगदाड पुन्हा फोडलं. आपल्या मातीबरोबर गढीची चार हात भिंतही नेली.