कामाचा वास

पॉलिशवाल्याने दारू सोडली, आणि दारुडा म्हणून त्याचं नाव झालं ते त्यानंतर. आता याला काय म्हणावं?

तो जुन्या लाकडाला लाखेचं पॉलिश करायचा. लाख स्पिरिटमध्ये विरघळवायची, कापडाचा बोळा त्यात भिजवायचा आणि टेबल, कपाट, पलंग, जे असेल त्यावर हात फिरवत राहायचं. हात असा की गिऱ्हाइकाने टेबलात बघून भांग पाडावा. पण स्पिरिटचा वास नखांत, केसांत, कातडीत मुरायचा. बसमध्ये शेजारी बसलेला माणूस उठून जायचा. स्पिरिट म्हणजे विष, ते पिण्याइतका हा गडी मूर्ख नव्हता. दारू तो रीतसर दुकानातून घेऊन प्यायचा, आणि बायकोने नाक मुरडलं की म्हणायचा, "कामाचा वास आहे गं!" ही सबब वर्षानुवर्षं चालली. आपल्या हुशारीचं त्याला मनातून कौतुकही होतं.

मग एका संध्याकाळी पिण्याच्या नादात तो मुलीला शाळेतून आणायचं विसरला. पोरगी अंधार पडेपर्यंत शाळेच्या रखवालदाराजवळ बसून होती. दुसऱ्या दिवशी बायको तिला घेऊन भावाकडे निघाली. उंबऱ्यात थांबून एवढंच म्हणाली, "माझ्यापुढे शपथा पुष्कळ झाल्या. चार माणसांत उभे राहा, तोंडाने कबूल करा. मग मी येते."

त्याच दिवशी त्याने दारू सोडली. पण अशी चार माणसं आणायची कुठून? डॉक्टरांनी पत्ता सांगितला, तोही नेमका त्याच शाळेचा. दारू सोडू पाहणारे लोक संध्याकाळी तिथल्या एका वर्गात जमायचे. फाटकापुढून त्याने दोनदा फेरी मारली. तिसऱ्यांदा रखवालदारच म्हणाला, "सरळ जा. तिसरी ब." काही विचारलं नाही त्याने. विचारलं असतं तर बरं झालं असतं, असं पॉलिशवाल्याला वाटलं.

तिसरी 'ब'च्या इवल्याशा बाकांत थोराड बाप्ये गुडघे कोंबून बसलेले. बैठक चालवणारे एक निवृत्त बस कंडक्टर. पॉलिशवाला जवळ येताच त्यांनी हवेत वास घेतला आणि आवाज न चढवता नियम सांगितला, "आज घेतली असेल तरी हाकलत नाही आम्ही. मागच्या बाकावर बसायचं, ऐकायचं. बोलायचं मात्र नाही. बोलायला कोरडं यावं लागतं."

"घेतली नाही हो! हा कामाचा वास आहे."

सगळा वर्ग हसला. त्यात कुचेष्टा नव्हती, उलट ओळख पटल्यासारखं हसू होतं. पुढच्या बाकावरचा शिंपी मागे वळून म्हणाला, "माझा खोकल्याच्या औषधाचा असायचा."

झालं. खरं बोलायला गेला आणि ते नेमकं त्याचंच जुनं खोटं निघालं. आपलेच दात, आपलेच ओठ, तक्रार कुणाकडे करणार? पुढच्या खेपेला तो साबणाने अंग खरवडून, शर्ट बदलून गेला. कंडक्टर म्हणाले, "सुगंधी साबण आम्हीही फार वापरलाय." काम सोडावं तर दुसरं काही येत नाही, काम करावं तर वास जात नाही, आणि वास गेल्याशिवाय तोंड उघडायची सोय नाही. आठवड्यामागून आठवडे तो मागच्या बाकात अडकून बसला. दारूचा थेंब नाही, आणि तोंड दाबून बुक्क्यांचा मार. काय बोलायचं ते मात्र पाठ होतं. पहिलं वाक्य असं: 'मी बायकोला इतकी वर्षं फसवलं, तिला कळूसुद्धा दिलं नाही.' काम करतानाही तो तेच पुटपुटायचा. रात्री घरी कुलूप काढताना तो दारातच घुटमळायचा, कारण आत कुणी नव्हतं आणि दारूचं दुकान अजून उघडं होतं.

मेव्हण्याने चौकशी केली आणि बहिणीला सांगितलं, "तुझा नवरा तिथेही पिऊनच जातो. मागे बसवतात त्याला."

ते ऐकून ती तडक बैठकीला आली. वर्गात शिरली ती थेट शेवटच्या बाकाशी. नवऱ्याचं मनगट धरून तिने नाकाशी नेलं. मग वाकून त्याच्या तोंडाचाही वास घेतला. तो लाजेने अर्धमेला झाला, पण पळणार कसा? गुडघे बाकात.

"हा कामाचाच आहे," ती कंडक्टरांना म्हणाली. "घेतली की ह्यांचा वास वेगळा येतो. मला दारातूनच कळतो."

"इतका नक्की? कधीच फसला नाहीत, ताई?"

"एकदाही नाही. वाटायचं, कधीतरी आपणहून सांगतील."

वर्गात कुणी हसलं नाही. कंडक्टरांनी नुसता हात केला, "या पुढे, पॉलिशवाले."

बाकातून सुटायलाच त्याला वेळ लागला. फळ्याजवळ तो उभा राहिला. पाठ केलेलं वाक्य ओठांवर होतं, आणि समोर बायको बसली होती, पोरांच्या बाकात पाय दुमडून. ते वाक्य आता कुठल्या तोंडाने म्हणणार? कळू दिलं नाही म्हणे! दर रात्री तो दारात 'कामाचा वास' सांगायचा, आणि ती खाली मान घालून ताट वाढायची. सगळं ठाऊक असताना वाढायची.

"तेव्हाचा वास," तो शेवटी म्हणाला, "कामाचा नव्हता."

"माहीत आहे," बायको बाकावरून म्हणाली. "पुढचं बोला."